वेल्समधली बुडीत गावं कशी शोधावीत: नकाशे, कागदपत्रं आणि काठ

उन्हाळा कोरडा गेला की ब्रिटनच्या वर्तमानपत्रांत एक फोटो हमखास येतो: भेगाळलेला गाळ, मधून एक जुना दगडी पूल, आणि 'बुडालेलं गाव पुन्हा वर आलं' असा मथळा. तो पाहून लोक गाडी काढतात, दोन-अडीच तास चालवून काठावर पोचतात आणि निराश होतात. वेल्समध्ये धरणात गेलेली गावं पाणी सोडण्याआधीच पाडलेली होती. छपरं, लाकूड, दारं-खिडक्या, घडीव दगड, सगळं काढून नेलं होतं. पाण्याबाहेर डोकावणारा चर्चचा मनोरा, पाण्याखालून ऐकू येणारी घंटा वगैरे गोष्टी पर्यटकांना सांगण्यापुरत्या ठीक आहेत. खाली आहेत ते पाये, कुंपणाच्या भिंती, फाटकांचे खांब, एखादा पूल आणि रस्त्याची रेघ.

एवढ्यावरूनही गाव ओळखता येतं, आणि तळं काठोकाठ भरलेलं असतानाही येतं. मात्र त्यासाठी आधी घरी बसून दोन-तीन संध्याकाळचं काम करावं लागतं. ते काम कसं करायचं, मग काठावर कुठे उभं राहायचं आणि कुठे अजिबात पाय ठेवायचा नाही, ते पुढे दिलं आहे. ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांना हे सगळं करता येईल. पुण्यात किंवा नागपुरात बसूनही कागदांचा बहुतेक भाग होतो.

आधी खोरं ठरवा

तिन्ही प्रसिद्ध खोऱ्यांचा काळ, कायदा आणि पाणी नेण्याची पद्धत वेगवेगळी आहे. त्यामुळे कागद शोधायच्या जागाही बदलतात.

पहिलं लेक व्हर्नवी, जुन्या माँटगोमरीशर परगण्यातलं. लिव्हरपूल कॉर्पोरेशनने १८८० साली कायदा करून घेतला, १८८१ मध्ये काम सुरू झालं आणि १८८८ मध्ये धरण पुरं झालं. बुडालेल्या गावाचं नाव लानूदिन. एक चर्च, दोन चॅपल, तीन खानावळवजा दारूगुत्ते, ३७ घरं आणि १० शेतघरं. धरणाखाली त्याच नावाचं नवं गाव वसवलं आणि नवं चर्च बांधलं. जुन्या दफनभूमीतले अवशेषही तिथे हलवले. म्हणून आज रस्त्यावरची 'लानूदिन' ही पाटी पाहून जुनं गाव सापडलं असं समजू नका.

दुसरं एलान खोरं, रेअडर या छोट्या शहराजवळचं. बर्मिंगहॅमसाठी १८९२ चा कायदा, अभियंता जेम्स मॅन्सर्ग. २१ जुलै १९०४ ला सातव्या एडवर्डच्या हस्ते उद्घाटन झालं. शेजारच्या क्लाएरवेनवरचं मोठं धरण खूप नंतरचं, १९५२ चं. एलानमध्ये एकगठ्ठा गाव नव्हतं. विखुरलेली १८ शेतघरं, शाळा, चर्च आणि कुम एलान व नान्तग्विल्ट हे दोन वाडे होते. कवी शेली १८११-१२ मध्ये या दोन्ही वाड्यांत राहून गेला होता, त्यामुळे वाड्यांबद्दल भरपूर लिहिलं गेलं आणि शेतघरांबद्दल जवळपास काहीच नाही. सुमारे शंभर माणसं उठली. नुकसानभरपाई मिळाली ती जमीनमालकांना. कुळांच्या हाती काही लागलं नाही. आपल्याकडच्या धरणग्रस्तांची कागदपत्रं ज्यांनी चाळली आहेत त्यांना हे वेगळं सांगायला नको.

तिसरं कॅपेल केलिन, बाला शहराजवळच्या त्रवेरिन खोऱ्यातलं. राजकीयदृष्ट्या हे सर्वांत तापलेलं. लिव्हरपूलने स्थानिक परवानगीच्या भानगडीत न पडता थेट संसदेतून १९५७ चा खासगी कायदा मिळवला. वेल्सच्या एकाही खासदाराने त्याच्या बाजूने मत दिलं नाही, तरी तो मंजूर झाला. खोऱ्यातल्या ६७ पैकी ४८ माणसांची घरं गेली. शाळा, टपाल कार्यालय, चॅपल, दफनभूमी आणि सुमारे ८०० एकर जमीन पाण्याखाली गेली. उद्घाटन २१ ऑक्टोबर १९६५ ला निदर्शनांच्या गदारोळात काही मिनिटांत उरकावं लागलं. लिव्हरपूल महापालिकेने माफी मागितली ती २००५ मध्ये.

पहिल्यांदाच करणाऱ्याने कॅपेल केलिनपासून सुरुवात करावी. फोटो भरपूर आहेत आणि नकाशे अगदी अलीकडचे मिळतात. एलान सर्वांत किचकट, ते शेवटी घ्या.

नकाशे एकावर एक ठेवणं

मुख्य हत्यार आहे नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडचं नकाशांचं संकेतस्थळ. नाव स्कॉटलंडचं असलं तरी तिथे ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा संस्थेचे इंग्लंड-वेल्सचे जुने नकाशे फुकट आहेत, आणि ते आजच्या उपग्रहचित्रावर बरोबर बसवून ठेवलेले आहेत. क्रम असा:

१. 'जिओरेफरन्स्ड' नकाशांच्या भागात जा आणि शोधपेटीत तळ्याचं नाव टाका. वेल्श नावं ऐकून लिहिली तर सापडत नाहीत. तळ्याला 'लिन' म्हणतात पण लिहिताना सुरुवातीला दोन एल, मग वाय आणि एन. एक एफ म्हणजे व्ह, दोन एफ म्हणजे फ, दोन डी म्हणजे मऊ द, आणि डब्ल्यू बहुधा ऊ.

२. सहा इंच म्हणजे एक मैल या प्रमाणाचा थर निवडा. पंचवीस इंची नकाशे जास्त बारीक आहेत, पण ते लागवडीखालच्या जमिनीचेच काढले होते. डोंगर-माळावर ते कोरे सुटतात, आणि वेल्समध्ये माळच जास्त.

३. कॅपेल केलिनसाठी १९३७-६१ चा १:२५,००० प्रमाणाचा थरही लावा. त्यावर बाला ते ब्लायनाय फेस्टिनिओग ही रेल्वे दिसते. १९६० मध्ये तिची प्रवासी वाहतूक बंद झाली आणि तिचा काही भाग तळ्यात गेला. ही रेघ ओळखीची खूण म्हणून फार उपयोगी पडते.

४. पारदर्शकतेची पट्टी हळूहळू सरकवत आजच्या काठाला छेदणारी प्रत्येक रेघ कागदावर उतरवा: पाण्यात शिरणारे रस्ते, शेतांच्या भिंती, ओढे. काठावर उभं राहिल्यावर डोळ्यांना दिसणार आहेत त्या याच.

५. सापडलेल्या प्रत्येक घराचा ग्रिड संदर्भ, म्हणजे नकाशाच्या चौकटींवरून ठरणारा जागेचा आकडा, टिपून ठेवा आणि फोनमध्ये ऑफलाइन खूण करा. या तिन्ही खोऱ्यांत मोबाइलला रेंज कधी असते, कधी नसते.

इथे होणारी नेहमीची चूक सालाची. नकाशाच्या समासात 'सर्वेक्षण' आणि 'प्रकाशन' अशी दोन सालं असतात, त्यांतलं पहिलं पाहायचं. व्हर्नवीच्या बाबतीत १८८८ नंतर सर्वेक्षण झालेल्या पत्रकावर तळंच दिसणार. त्याआधीचं पत्रक मिळालं नाही तर नॅशनल लायब्ररी ऑफ वेल्सने खुले केलेले टाइथ नकाशे घ्या. हे १८४० च्या आसपासचे, चर्चला द्यायच्या धाऱ्यासाठी केलेले. नकाशावर प्रत्येक शेताला क्रमांक आहे, आणि सोबतच्या तक्त्यात मालक, कूळ, शेताचं नाव, पीक व क्षेत्र. क्षेत्र एकर, रूड आणि पर्चमध्ये दिलेलं असतं: ४० पर्चचा एक रूड, ४ रूडचा एक एकर. आपल्या सवयीसाठी, ४ पर्च म्हणजे बरोबर एक गुंठा. आपल्याकडच्या सातबाऱ्यासारखाच हा कागद आहे आणि तसाच चवीने वाचावा. 'ओढ्यावरचं कुरण', 'चॅपलचा तुकडा' अशी शेतांची वेल्श नावं इतर कुठल्याच नकाशावर मिळत नाहीत.

आता खोली. जुन्या सहा इंची नकाशावर रस्त्यांच्या कडेला समुद्रसपाटीपासूनची उंची फुटांत लिहिलेली असते. तळ्याच्या पूर्ण पातळीतून ती वजा केली की घर किती पाण्याखाली आहे ते कळतं. व्हर्नवीची पूर्ण पातळी ८२५ फूट. समजा एखाद्या घराजवळ ७८० लिहिलं आहे, तर ते ४५ फूट, म्हणजे जवळजवळ १४ मीटर खाली. पातळी पाच-सहा मीटरने उतरल्याची बातमी आली तर त्या घरासाठी जाण्यात अर्थ नाही, हे तुम्हाला घरीच कळेल. १९२१ आधीच्या नकाशांची उंची लिव्हरपूलच्या समुद्रपातळीवरून मोजलेली आहे आणि नंतरच्यांची कॉर्नवॉलमधल्या न्यूलिनवरून. त्यामुळे अगदी इंचाचा हिशोब करू नका, ढोबळ अंदाज पुरतो.

माणसं शोधणं

घर सापडलं की त्यात कोण राहत होतं हा प्रश्न येतोच. ब्रिटनची जनगणना दर दहा वर्षांनी होते आणि नावानिशीचे तक्ते शंभर वर्षांनी खुले होतात. पहिल्या दोन खोऱ्यांत तारखा अशा जुळल्या आहेत की जणू कुणी मुद्दाम ठरवावं.

लानूदिनसाठी १८८१ ची जनगणना पाहा. ती एप्रिलमध्ये झाली आणि धरणाचा पायाचा दगड त्याच वर्षी जुलैमध्ये बसला. एलानसाठी १८९१ ची, कायद्याच्या आदल्या वर्षीची. वेल्समध्ये 'कोणती भाषा बोलता' हा रकाना पहिल्यांदा आला तो याच जनगणनेत, तेव्हा कुठल्या घरात वेल्श होती आणि कुठल्यात इंग्रजी तेही दिसतं. मग लगेच १९०१ ची उघडा. त्याच खोऱ्यात आता मजुरांची लाकडी वसाहत उभी आहे आणि माणसं देशभरातून आलेली आहेत. दोन्ही तक्ते शेजारी ठेवले की धरणाने खोऱ्याचं काय केलं ते कुठल्याही लेखापेक्षा स्वच्छ कळतं.

कॅपेल केलिनची अडचण आहे. १९२१ ची जनगणना २०२२ मध्ये खुली झाली. १९३१ चे कागद १९४२ मधल्या आगीत जळाले. १९४१ मध्ये युद्धामुळे जनगणना झालीच नाही, आणि १९५१ ची अजून बंद आहे. मधली जागा भरायला १९३९ चं नोंदणीपुस्तक वापरावं लागतं. युद्ध सुरू होताच ओळखपत्रांसाठी ते केलं होतं. त्यातल्या हयात असू शकणाऱ्या माणसांच्या ओळी झाकलेल्या असतात. इथे एक सांगायलाच हवं: कॅपेल केलिनमधून उठलेल्यांतली काही माणसं आणि त्यांची मुलं-नातवंडं आज बालाच्या परिसरातच राहतात. १८८१ च्या कुटुंबाचा माग काढणं वेगळं आणि हयात माणसाच्या दारात जाणं वेगळं. दुसरं करू नका.

हे तक्ते फाइंडमायपास्ट, अँसेस्ट्री यांसारख्या पैसे घेणाऱ्या संकेतस्थळांवर आहेत, पण ब्रिटनमधल्या बऱ्याच सार्वजनिक वाचनालयांत त्यांतलं एखादं तरी फुकट वापरता येतं. शोधताना आडनावावर विसंबू नका. अर्धं खोरं जोन्स, एव्हान्स, रॉबर्ट्स आणि विल्यम्स. ही माणसं एकमेकांना शेतघराच्या नावाने ओळखत आणि तुम्हीही तसंच शोधायचं. आधी नकाशावरून घरांच्या नावांची यादी करा, मग गावाचा सगळा तक्ता पानापानाने वाचा. शोधपेटीत घराचं नाव टाकून उपयोग होत नाही. जनगणनेवाल्याने ते कानाला येईल तसं लिहिलेलं असतं आणि नंतर टंकलेखन करणाऱ्याला वेल्श येत नसते. दोनदा मोडलेलं नाव यंत्राला सापडत नाही, माणसाला सापडतं.

व्हर्नवी आणि एलानसाठी 'वेल्श न्यूजपेपर्स ऑनलाइन' हे फुकटचं संग्रहालय अमूल्य आहे. १९१९ पर्यंतची वर्तमानपत्रं तिथे आहेत. लिलावाच्या जाहिराती पाहा. घर सोडताना कुटुंबाने गुरं, नांगर, कपाटं विकली त्यांची यादी तारखेसकट छापलेली असते, आणि ठराव-भाषणांपेक्षा ती जास्त सांगून जाते. कॅपेल केलिनसाठी ब्रिटिश संसदेच्या कामकाजाची नोंद, म्हणजे हॅन्सार्ड, जुलै १९५७ ची वाचा. छायाचित्रांसाठी नॅशनल लायब्ररी ऑफ वेल्समधला जेफ चार्ल्स संग्रह. शाळा, टपाल कार्यालय, शेवटचे दिवस, सगळं त्यात आहे. आणि घराच्या, पुलाच्या, चॅपलच्या पुरातत्त्वीय नोंदीसाठी 'कॉव्हलाइन' ही वेल्सच्या राजआयोगाची सूची.

पाणी कधी उतरतं

मराठी वाचकाचा अंदाज हमखास चुकतो तो इथे. उजनीतलं पळसदेवाचं देऊळ किंवा गोव्यात साळावलीच्या पाण्यातलं कुर्डी पाहायचं तर आपण एप्रिल-मे धरतो, कारण जूनमध्ये पाऊस आला की खेळ संपला. वेल्समध्ये पाऊस बाराही महिने पडतो. तळी हिवाळ्यात भरतात, फेब्रुवारी-मार्चमध्ये सहसा काठोकाठ असतात, उन्हाळ्यात उतरत जातात आणि तळ गाठतात ते ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत. तेही दर वर्षी नाही. १९७६ आणि २०२२ सारखी वर्षं मोजकीच. मे महिन्यात सुट्टी काढून गेलात तर फक्त निळं पाणी दिसेल.

प्रत्येक तळ्याचा स्वभावही वेगळा. व्हर्नवीचं पाणी काठावरच्या गॉथिक मनोऱ्यातून गाळून सुमारे ११० किलोमीटर लांबीच्या जलवाहिनीने लिव्हरपूलकडे जातं. एलानचं पाणी व्हॉइल टॉवरमधून निघून ११८ किलोमीटरवर बर्मिंगहॅमजवळच्या फ्रँकलीला, निव्वळ उतारावर, पंपाशिवाय पोचतं. वाटेत उतार जेमतेम ५२ मीटरचा, त्यामुळे प्रवासाला दीड दिवस लागतो. लिन केलिनमधून, म्हणजे कॅपेल केलिनच्या तळ्यातून, मात्र शहराकडे नळ जातच नाही. पाणी त्रवेरिन नदीत सोडतात, ते बालाजवळ डी नदीला मिळतं आणि पार खाली चेस्टरजवळ उचललं जातं. म्हणजे केलिनची पातळी लिव्हरपूलच्या गरजेबरोबरच डी नदीतल्या पाण्यावरही हलते. धरणाखालच्या नदीत राफ्टिंग चालतं तेही याच सोडलेल्या पाण्यावर.

एलानमधली मेख गारेग दी. कॅबन कॉख तळ्याच्या मधोमध पाण्याखाली एक आडवी भिंत आहे, वरून फक्त कमानींचा रस्तापूल दिसतो. खालचं पाणी उतरलं तरी व्हॉइल टॉवरच्या बाजूचं पाणी टिकावं म्हणून ती बांधली. परिणाम असा की दुष्काळात पाणी मागे हटतं ते मुख्यतः पुलाच्या खालच्या अंगाला. नान्तग्विल्टच्या बागेच्या भिंती अशा वर्षी दिसतात त्या याच बाजूला. कुम एलानचा वाडा पुलाच्या वरच्या अंगाला, राखून ठेवलेल्या पाण्यात आहे, त्याची वाट पाहत बसू नका.

जाण्याआधी पातळी पडताळायची खात्रीची रीत म्हणजे उपग्रहचित्र. कोपर्निकस ब्राउझर उघडा, सेंटिनेल-२ निवडा, ढगांची मर्यादा २० टक्के ठेवा. दर पाच दिवसांनी एक चित्र मिळतं, एक ठिपका १० मीटरचा. नेहमीच्या रंगांत गाळ आणि गढूळ उथळ पाणी सारखंच दिसतं, म्हणून 'फॉल्स कलर' किंवा पाण्याचा निर्देशांक दाखवणारा थर लावा. 'फॉल्स कलर'मध्ये पाणी काळंभोर आणि काठ उठून दिसतो. मग त्याच वर्षीच्या फेब्रुवारीतलं चित्र शेजारी ठेवा. दोन्ही काठांमधली पट्टी तुमच्या ग्रिड संदर्भांपर्यंत पोचते का एवढंच पाहायचं. वेल्सवर ढग नसलेला दिवस मिळणं हीच खरी अडचण. सलग तीन आठवडे चित्र मिळालं नाही तर सेंटिनेल-१ चं रडार वापरा, ते ढगांतून पाहतं, पण वाऱ्याने लाटा उठल्या असतील तर पाणी जमिनीसारखं दाखवतं.

काठावर

व्हर्नवीला ऑझवेस्ट्रीकडून लानव्हिलिनमार्गे या. तळ्याभोवती सुमारे १९ किलोमीटरचा रस्ता फिरतो. धरणावरून गाडी जाते. हिवाळ्यात पाणी भिंतीच्या माथ्यावरून, कमानींखालून सांडतं, ते पाहण्यासाठी तरी एकदा थंडीत या. जुनं गाव धरणापाशी नव्हतं. उत्तर काठाने जात केदिग ओढा तळ्याला मिळतो तिथवर जा, नकाशातली गावाची जागा तिथे समोर येते.

कॅपेल केलिनसाठी बालाहून ए४२१२ रस्ता. तो धरणाबरोबरच बांधलेला आहे. गाडी नसेल तर रुआबन किंवा रेक्सम स्थानकावरून टी३ बस बालापर्यंत येते, पुढे टॅक्सी किंवा सायकल. रस्त्यालगत काठावर जुन्या दगडांतून उभारलेलं स्मारक-चॅपल आहे. दफनभूमीतली फक्त आठ शवं नातेवाइकांच्या इच्छेने हलवली गेली, बाकीची जागेवरच राहून वर काँक्रीट घातलं गेलं. म्हणून पाणी उतरलेलं असलं तरी त्या भागात फिरणं म्हणजे स्मशानात फिरणं आहे, हे ध्यानात ठेवा. स्मारकाच्या आवारात डबा उघडून बसू नये. त्याच रस्त्यावर हावोद वादोग इथल्या क्वेकर पंथीयांच्या दफनभूमीची आठवण सांगणारा दगड आहे, तो बहुतेकांच्या नजरेतून सुटतो.

बालाहून व्हर्नवीला थेट जायचा मोह होतो. हिरनान्त खोऱ्यातला रस्ता किंवा ५४५ मीटर उंचीची बुल्ख अ ग्रॉइस खिंड, दोन्ही एका गाडीपुरत्या रुंदीचे, चढाचे आणि थंडीत बर्फाचे. समोरून गाडी आली तर मागे जायची तयारी हवी. नोव्हेंबर ते मार्च लांबचा रस्ता घ्या. वस्तीतून जाताना २०२३ पासून वेल्समध्ये वेगमर्यादा बहुतेक ठिकाणी ताशी २० मैल आहे, इंग्लंडच्या सवयीने ३० ने गेलात तर दंड घरी येतो.

एलानला रेअडरहून जुन्या धरण-रेल्वेच्या मार्गावर सायकलवाट आहे. ती क्राइग गॉख धरणापर्यंत जाते आणि एलान नदीवरची धरणं क्रमाने दाखवते. वाकडी वाट करायची तर नान्त अ ग्रो या ओढ्यावरचं फुटकं धरण पाहा. मजुरांच्या वस्तीला पाणी द्यायला बांधलेलं हे धरण १९४२ मध्ये अभियंता बार्न्स वॉलिसच्या प्रयोगांसाठी स्फोटाने फोडलं. जर्मनीतली धरणं फोडण्याच्या मोहिमेची ती तयारी होती.

जुना फोटो आणि आजचं दृश्य जुळवायची रीत सोपी आहे. खोऱ्याचा तळ बदलला, क्षितिज बदललेलं नाही. फोटोत डोंगराच्या कडेवरच्या दोन खुणा निवडा, एक जवळच्या टेकडीवरची आणि एक तिच्यामागे दूर दिसणारी. त्या फोटोत जशा एकमेकींवर येतात तशा दिसेपर्यंत काठाने डावी-उजवीकडे सरका. अशीच दुसरी जोडी दुसऱ्या दिशेला घ्या. दोन्ही रेषा जिथे छेदतात तिथे छायाचित्रकार उभा होता. ती जागा पाण्यात असेल तर एका रेषेवरचा सर्वांत जवळचा काठ पकडा. झाडं मात्र फसवतात: व्हर्नवीभोवती नंतर लावलेली सूचिपर्णी झाडं कडा झाकून टाकतात. पानगळीचा तिथे उपयोग नाही, मोकळा काठच शोधावा लागतो.

गाळाबद्दल स्पष्ट सांगायचं तर उतरू नका. उघड्या पडलेल्या तळाशी जायला बहुतेक ठिकाणी मनाई असते आणि कारण खरं आहे. वरची दोन-तीन बोटं जाडीची पपडी वाळून भेगाळते, माणसाचं वजन पेलेल असं वाटतं, खाली मात्र कित्येक फूट लोण्यासारखा गाळ असतो. जुन्या ओढ्याचं पात्र आणि भिंतीची आतली बाजू सर्वांत धोक्याची, गाळ तिथेच साचतो. खडी-दगडांचा उतार आणि जुन्या रस्त्याची फरसबंदी त्या मानाने पक्की, पण तिच्या दोन्ही कडांना काय आहे ते दिसत नाही. कुणी रुतलंच तर ओढाताण न करता मागे रेलून अंग पसरायचं, एकेक पाय हलवत सोडवायचा आणि ९९९ ला फोन करायचा. सोबतच्यांनी जवळ जायचं नाही. पोहायलाही मनाई आहे. पाणी ऑगस्टमध्येही अंग आखडेल इतकं थंड असतं, आणि मनोऱ्यांजवळ ओढ असते. कोरड्या उन्हाळ्यात हिरवट-निळी साय दिसली तर कुत्र्याला पाण्याजवळ नेऊ नका, ते शेवाळ विषारी असतं.

दगड, कौलाचा तुकडा, बाटलीचं बूड, काही उचलायचं नाही. धातुशोधक यंत्र मालकाच्या परवानगीशिवाय चालवता येत नाही, आणि ड्रोनसाठीही परवानगी लागते. व्हर्नवीला पक्षी अभयारण्य आहे.

परतताना पश्चिम किनाऱ्याकडून जाणार असाल तर अ‍ॅबरिस्टविथच्या दक्षिणेला लानरस्टिडजवळ ए४८७ रस्त्यावर 'कोविउख द्रवेरिन', म्हणजे 'त्रवेरिन विसरू नका', असं रंगवलेली पडकी भिंत लागते. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला माइक स्टीव्हन्स यांनी ती पहिल्यांदा रंगवली. २०१९ मध्ये कुणी ती विद्रूप केली, काही भाग पाडला, आणि मग तीच अक्षरं वेल्सभर भिंतींवर उमटली. रस्ता वेगवान आहे, वळणावर गाडी थांबवू नका, थोडं पुढे जागा पाहून चालत मागे या.

घरी आल्यावर फोटोंना तारीख, वेळ, ग्रिड संदर्भ आणि कॅमेऱ्याची दिशा लिहा. पाणी उतरलेलं असेल तर एखाद्या ओळखीच्या खुणेपासून, म्हणजे मनोऱ्यावरच्या दगडी थरापासून किंवा पुलाच्या खांबापासून, पाणी किती खाली होतं तेही लिहा. 'पीपल्स कलेक्शन वेल्स' या संकेतस्थळावर कुणालाही असे फोटो देता येतात. भिंत किंवा पूल नकाशात नाही असं आढळलं तर कॉव्हलाइनच्या मंडळींना कळवा. कळवताना जुन्या नकाशाचं सर्वेक्षणाचं साल सोबत द्या, नाहीतर पहिला प्रश्न तोच येतो.